कुठल्या रानातला नांगर सोडायचा?

आमच्याकडं एप्रिल उजाडला की ट्रॅक्टरचा हिशेब सुरू होतो. आधी पलटी नांगर, मग मोगडा, मृगाच्या तोंडावर रोटाव्हेटर आणि शेवटी पेरणी यंत्र. बियाणं मातीत पडायच्या आधीच एकरी चार-पाच हजार गेलेले असतात. डिझेल वाढलं की भाडं वाढतं, डिझेल उतरलं तरी भाडं काही उतरत नाही. त्यामुळं विना नांगरणीच्या शेतीबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यातलं काय आवडलं हे लपवून उपयोग नाही. जमिनीची सुपीकता, गांडुळं, सेंद्रिय कर्ब हे सगळं मी लोकांना नंतर सांगायला लागलो. मला आवडला होता तो वाचणारा पैसा.

लातूर जिल्ह्यात आमची कोरडवाहू-बागायत मिळून जी जमीन आहे तिचे दोन ठळक तुकडे पडतात. वरचा माळाकडचा. मध्यम माती, दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो, उतार डोळ्यांना दिसेल असा. खालचा ओढ्याकाठचा. भारी काळी, सात-आठ फूट खणलं तरी काळीच. खालच्या रानात विहीर, त्यामुळं तिथं खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू. वर सोयाबीन, तूर आणि जमलं तर हरभरा. आमच्या आप्पांच्या लेखी खालचं रान म्हणजे जमीन आणि वरचं म्हणजे जनावरं चारायची जागा. माझंही मत तेव्हा फारसं वेगळं नव्हतं, आणि पुढचा घोळ इथूनच सुरू झाला.

मी नेरळला जाऊन आलो होतो. चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आणि एसआरटी पद्धतीचा भात बघून आलो. जमीन एकदा तयार करायची, साडेचार फुटांच्या अंतरावर गादीवाफे पाडायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं आणि त्यानंतर वाफे मोडायचे नाहीत. कापणी झाली की मुळं जमिनीतच राहू द्यायची. प्रताप चिपळूणकर यांचंही लिखाण वाचलं होतं. कोल्हापूरकडं उसाची धसकटं जमिनीतच कुजू देऊन नांगर बंद करणारा हा माणूस तर्कशुद्ध लिहितो, वाचताना पटत जातं. न नांगरता शेती करणाऱ्या जपानच्या फुकुओकाचं ‘एका काडातून क्रांती’ हे पुस्तक तर घरात होतंच.

एवढं बघून-वाचून मी उचललं काय, तर ‘नांगरायचं नाही’ एवढंच. नेरळला पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडं साडेसातशे-आठशे. तिथल्या तांबड्या मातीतून पाणी निथळतं. वाफे उंच का केलेत, हे मी विचारलं नाही. ते वाफे करण्यासाठी सुरुवातीला जमिनीची मशागत करून घेतात, हे मला सांगितलं गेलं होतं, मी ऐकलंही होतं. पण घरी आल्यावर सोयीस्कर तेवढं लक्षात राहिलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की खालच्या रानापासून सुरुवात करायची. कारण शेतीच्या पुस्तकांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं, काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते. ते खोटं नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुगा झालेली माती त्यात पडते, पावसात भेगा मिटतात. दरवर्षी अशी उलथापालथ होत असेल तर नांगर कशाला, असा माझा सरळ हिशेब.

आप्पा एवढंच म्हणाले, “त्या रानाला पाणी लागतंय. वरल्या रानात कर काय करायचं ते.”

पाणी लागतं म्हणजे पाणी साठतं, निघत नाही. मी त्यांना भेगा दाखवल्या. एका भेगेत कळशीभर पाणी ओतलं, ते घटाघटा आत गेलं. “बघा, कुठं लागतंय?” आप्पा काही बोलले नाहीत. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी ओतून निचरा तपासणं हा किती मोठा वेडेपणा आहे, हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं आणि मला कळत नव्हतं. कोरड्या भेगेत पाणी जातंच. खरा प्रश्न भेगा मिटल्यावरचा असतो, आणि त्याचं उत्तर जुलैतच मिळतं.

गहू हार्वेस्टरनं काढला होता. काड पसरलेलं तसंच ठेवलं. शेजारीपाजारी काड पेटवत होते आणि मी पेटवलं नाही, याचा मला अभिमान होता. तो आजही आहे, फक्त पुढचं गणित चुकलं. जूनमध्ये चांगला पाऊस झाला. शेजाऱ्यांची नांगरलेली, उघडी रानं दोन-तीन दिवसांत वाफशावर आली, तिफणी सुरू झाल्या. माझ्या रानात काडाखाली माती ओलीगच्च. ओल टिकवणं हा आच्छादनाचा गुण आहे, पण आधीच निचरा नसलेल्या रानात पेरणीच्या वेळी तोच गुण अंगावर येतो. सगळ्यांच्या पेरण्या उरकल्या, माझी राहिली. शेवटी धीर सुटला आणि मी ओल्यातच पेरणी यंत्र घातलं.

त्या दिवशी फणांनी जी चीर पाडली ती मी जवळून बघायला हवी होती. ओल्या चिकणमातीत फण गेला की चिरेच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, चकाकतात. नांगरलेल्या रानात वरची मोकळी माती त्या चिरेत पडून बी झाकलं जातं. इथं पडायला मोकळी माती नव्हतीच. काडाचे तुकडे मात्र चिरेत दाबले गेले होते, बी मातीवर न पडता काडावर पडलं. मग पावसानं उघडीप दिली. माती आकसली आणि प्रत्येक चीर उघडी पडली. तासाच्या सुरुवातीला उभं राहिलं की पार टोकापर्यंत एक काळी फट आणि तिच्यात अर्धवट फुगून वाळलेलं सोयाबीन. चिमण्यांनी मेजवानी केली. दुबार पेरणी करावी लागली, आणि वाचवलेले पैसे तिथंच संपले.

दुसऱ्या पेरणीचं उगवलं, पण पिवळं पडलं. यावर माझ्याकडं तयार उत्तर होतं. गव्हाच्या काडात कर्ब फार आणि नत्र फार कमी, साधारण ऐंशीला एक. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पिकाला कमी पडतं. हे शास्त्र बरोबर आहे. म्हणून मी युरिया टाकला. पीक जरा हिरवं झालं आणि पुन्हा पिवळं पडलं. सोयाबीन आपलं नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः मिळवतं, आणि त्या गाठींना हवा लागते, हे मला पाठ होतं. एक गाठ नखानं फोडून बघावी असं मात्र सुचलं नाही. पुढं फोडून दाखवली गेली तेव्हा आत हिरवट-तपकिरी निघाली. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते.

फोडून दाखवणारे म्हणजे बायकोचे मामा. मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बोलायला फटकळ. मोहरमच्या सुटीत आले होते. रानात जायच्या आधी मी त्यांच्यासमोर मृदा आरोग्य पत्रिका ठेवली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, अशा बारा गोष्टी तिच्यात असतात. आपण माती तपासून मगच हा प्रयोग केला, हे मला दाखवायचं होतं.

मामांनी चष्मा वर करून ती वाचली. “हा रक्ताचा रिपोर्ट झाला. हाड मोडलंय का, ते यात कसं दिसेल?” म्हणाले. मग सामूच्या ओळीवर बोट ठेवलं. ८.६. “आणि जे दिसतंय ते तरी वाचलंत का?”

वाचलं नव्हतं. मी नत्र आणि कर्ब बघितला होता. सामू साडेआठाच्या वर गेला की चोपणपणाची शंका घ्यायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही.

मामांनी फावडं मागितलं. खालच्या रानात, पिकात, दोन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यायला लावला. एक बाजू फावड्यानं न लिंपता, चाकूच्या टोकानं ढलपे काढत साफ केली, कारण फावड्यानं भिंत गुळगुळीत झाली की मातीची घडण दिसत नाही. मग चाकू वरपासून खाली दर दोन बोटांवर टोचत गेले. वरचा चार-पाच बोटांचा थर चाकू सहज घेत होता. त्याखाली चाकू अडला. रोटाव्हेटरची पाती वर्षानुवर्षं जिथवर फिरली, बरोबर तिथं. तिथली माती हातात घेतली तर आडव्या पापुद्र्यांत सुटत होती. आणखी खाली, वीतभर खोलीवर, दुसरा थर. तो पलटी नांगराच्या तळाचा. त्यात मामांनी जोर लावला तेव्हा चाकूचं पातं वाकलं. या थराच्या वर माती ओलसर, निळसर करडी आणि वासाला आंबूस. खाली मात्र बऱ्यापैकी कोरडी. म्हणजे एवढ्या पावसाचं पाणी वीतभर जमिनीतच अडकून बसलेलं.

सोयाबीनचं एक झाड हळूच सोडवलं. सोटमूळ सरळ खाली आलं होतं, दुसऱ्या थरावर टेकलं होतं आणि तिथून काटकोनात वळून आडवं गेलं होतं. टोकाशी बोथट, फुगीर. ते मूळ मी कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. बियाणं निकृष्ट निघालं म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो होतो.

आपणच नांगरते म्हणवणारी काळी माती मग हे थर का फोडत नाही? मामांचं उत्तर असं. फुगण्या-आकसण्यासाठी माती पूर्ण वाळावी लागते. ज्या रानात खरिपानंतर लगेच गहू आणि त्याला पाण्याच्या पाळ्या, त्या रानात माती पूर्ण वाळते ती फक्त उन्हाळ्यात. त्यातून पडणाऱ्या भेगा दूरदूर, मोठ्या आणि मोजक्या. दोन भेगांमधला भाग चिरा बसवल्यासारखा अखंड राहतो. आणि मातीत सोडियम वाढलेलं असेल तर भिजल्यावर ती रवाळ सुटत नाही, तिचा चिखल होतो. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. तेच पाणी वर्षानुवर्षं गव्हाला दिलेलं.

हे तपासायला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. मटाराएवढं वाळलेलं मातीचं ढेकूळ काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात अलगद सोडायचं आणि हलवायचं नाही. ढेकूळ फुटून तळाशी भुगा झाला तर काळ्या मातीत घाबरायचं कारण नाही, तिला फुटायची सवयच असते. बघायचं ते ढेकळाभोवतीचं पाणी. दुसऱ्या दिवशीही ते गढूळ, दुधट राहिलं तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगताहेत. अशी माती पावसात आपली छिद्रं आपणच बुजवते.

मामा गेल्यावर मी हे घरी करून बघितलं आणि पाणी नितळ राहिलं. मला आनंदच झाला. मामांना फोन लावला. ते म्हणाले, “पाणी कुठलं घेतलंस?” विहिरीचं. “क्षाराचं पाणी कणांना धरून ठेवतं रे. पावसाचं घे.” पावसाचं पाणी पातेल्यात धरून पुन्हा केलं. सकाळी ग्लास ताकासारखा. वरच्या रानातल्या ढेकळाचा ग्लास मात्र नितळ, तळाशी रवाळ माती.

चोपण जमीन मोजायची शास्त्रीय रीत म्हणजे मातीच्या कणांवर बसलेल्या एकूण धन आयनांत सोडियम किती टक्के. पंधराच्या वर गेलं तर चोपण असं पुस्तक म्हणतं. पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पंधराच्या पुष्कळ आधीच त्रास सुरू होतो. आमच्या रानाचं नंतर प्रयोगशाळेतून काढून आणलं, ते या मधल्याच पट्ट्यात निघालं. म्हणजे कागदावर चोपण नाही आणि रानात पाणी मुरत नाही.

इतकं सगळं कळल्यावर शहाण्या माणसानं त्या रानात नांगर घातला असता. मी घातला नाही. कारण तोवर मी गावात, पाहुण्यांत, लग्नकार्यात सगळीकडं सांगून बसलो होतो. पारावर माझ्या शेतीला ‘आळशाची शेती’ असं नाव पडलं होतं, आणि ते नाव घेऊन माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घेणं. थोडक्यात, पुढचं वर्ष मातीसाठी नव्हतंच.

त्या वर्षी दोन गोष्टींनी गाठलं. एक कुंदा. काळ्या रानात ज्यांनी कुंदा बघितलाय त्यांना सांगायला नको. त्याच्या गड्ड्या खोल जातात आणि मधून तोडलं तर तुकड्यातुकड्यातून फुटतात. आमच्या मागच्या पिढ्या उन्हाळ्यात खोल नांगरून, गड्ड्या वेचून बांधावर वाळत घालायच्या, त्याला कारण होतं. नांगर बंद झाला आणि रानाच्या एका कोपऱ्यात असलेला कुंदा पसरत चालला. त्याच्या जोडीला ओलीत वाढणारा लव्हाळा. विना नांगरणीची शेती मोठ्या क्षेत्रावर बहुतेक ठिकाणी तणनाशकावर चालते, हे तिचे प्रचारक दबक्या आवाजात सांगतात, मी मोठ्यानं सांगतो. मीही ग्लायफोसेटवर विसंबलो होतो. लव्हाळ्याची पात जळायची, खालच्या गाठी पुन्हा फुटायच्या. त्यात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांकडूनच वापरायचं अशी अधिसूचना काढली. ज्या पद्धतीचा अर्धा भार एका औषधावर आहे, ती पद्धत उद्या त्या औषधाशिवाय झेपेल का, याचा विचार सुरुवात करतानाच करायला हवा.

दुसरी गोगलगाय. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं कशी फस्त केली ते वर्तमानपत्रांत आलं होतं. नांगरलेली रानंही वाचली नाहीत, त्यामुळं दोष सगळा माझ्या काडाचा म्हणता येणार नाही. पण दिवसा लपायला ओलसर, गार आडोसा त्यांना माझ्याकडं जितका मिळाला तितका कुणाकडंच नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलं की काड उचलेल तिथं गोगलगायी. बादल्या भरून गोळा केल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या.

आता वरच्या रानाकडं येतो. आप्पांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं ते रान.

मामांनी त्याच दिवशी तिथंही खड्डा घेतला होता. चाकू कुठंच फारसा अडला नाही. रोटाव्हेटरचा एक पातळ थर होता, बाकी माती मुरमापर्यंत रवाळ. दोन गांडुळं निघाली, ती फार नव्हेत. जुन्या तुरीच्या मुळांची भोकं मुरमापर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती आणि त्या भोकांतून सोयाबीनची मुळं खाली उतरली होती. पाणी मुरण्याची चाचणी अशी. सहा इंच व्यासाचा, बूड कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन-तीन बोटं ठोकायचा आणि साडेचारशे मिली पाणी ओतायचं, म्हणजे साधारण इंचभर पाऊस. पहिलं पाणी माती भिजवायला सोडून द्यायचं, दुसऱ्या पाण्याला वेळ लावायचा. वरच्या रानात घरून आणलेला चहा संपेपर्यंत पाणी मुरलं. खालच्या रानातला डबा आम्ही तसाच ठेवून आलो, सकाळीही त्यात पाणी होतं.

वरच्या रानाचं खरं दुखणं वेगळंच होतं. उतारावर नांगरून मोकळी केलेली माती मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जात होती. बांधाच्या खालच्या अंगाला दरवर्षी साचणारा गाळ आम्ही ‘चांगली माती आली’ म्हणून वाफ्यांना वापरायचो, ती आमचीच माती. अशा रानात माती न हलवणं आणि ती झाकून ठेवणं, याचा सरळ फायदा होता. मी तिथं प्रयोग केला नव्हता कारण ते रान ‘कमी प्रतीचं’ होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात तिथं घाई न करता केलं. माती कोरडीठाक असताना सबसॉयलर एकदा चालवला. ओलीत चालवला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते, आणि चिरेचं काय होतं ते मी बघितलेलं होतं. मग उताराला आडवे रुंद वरंबे आणि मध्ये सरी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं काळ्या मातीसाठी रुळवलेली रुंद वरंबा-सरीची जी पद्धत आज आपल्याकडं बीबीएफ म्हणून ओळखतात, तीच, फक्त वरंबे दरवर्षी मोडायचे नाहीत. पहिल्या खरिपात सोयाबीनमध्ये तूर. सोयाबीन कापून घेतलं, उपटलं नाही. त्यानंतर वरंब्यावरच ओलीवर हरभरा टोकला.

त्या हरभऱ्यानं माझी खात्री पटली. एरवी सोयाबीन निघाल्यावर रान पुन्हा मोगडायचं, वखरायचं, तोवर वरची ओल उडून जायची आणि हरभरा उगवायला तुषार लावावे लागायचे. वरच्या रानात तुषाराची सोयच नाही, म्हणून कितीदा तरी ते रब्बीत पड राहायचं. आता काढणी आणि पेरणी यांत फारसा खंड पडत नाही. पंजाब-हरियाणात भातानंतर गहू न नांगरता पेरायची पद्धत रुजली त्यालाही हेच कारण मोठं होतं, पेरणी लवकर साधते.

उतारा वाढला का, असं लोक विचारतात. सोयाबीनचा पहिल्या वर्षी थोडा घटला, पुढं आधीएवढा आला. मशागतीचा खर्च मात्र गेला आणि रब्बीचं एक पीक हमखास झालं. २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशेब आला होता. नुसती नांगरणी थांबवली तर उत्पादन सरासरीनं घटतं. पिकाचे अवशेष रानात ठेवले आणि पिकांची फेरपालट केली तर ती घट कमी होते, आणि कोरड्या हवामानातल्या कोरडवाहू शेतीत या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तर उत्पादन वाढतंही, असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्या दोन तुकड्यांत मला वेगळं काही दिसलं नाही.

अवशेष ठेवणं मात्र लिहिण्याइतकं सोपं नाही. हलक्या-मध्यम रानात मुळात काड कमी निघतं आणि तेवढ्यावर घरच्या जनावरांचा डोळा. सोयाबीनचं भुसकट रानात पसरायचं म्हटल्यावर घरात जे महाभारत झालं ते इथं सांगत नाही. तोड अशी निघाली की ज्वारीचा कडबा जनावरांना, सोयाबीनचं भुसकट रानाला. ज्यांच्याकडं दावणीला चार जनावरं आणि चाऱ्याला एकच रान आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा. उघडी ठेवलेली, न नांगरलेली मध्यम माती पावसाच्या माऱ्यानं वर पापडी धरते, आणि मग ती नांगरलेल्या मातीपेक्षाही वाईट. कापसाची रानं असतील तर आणखी एक अडचण आहे. गुलाबी बोंडअळीमुळं पऱ्हाटी रानात ठेवून चालत नाही.

खालच्या रानात सध्या नांगर आहे. पण पलटी नाही. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळल्यावर सबसॉयलर आणि फणाची मशागत, रोटाव्हेटर बंद. कडेनं चर काढून पाण्याला ओढ्यापर्यंत वाट करून दिली. माती तपासणीनुसार जिप्सम टाकतो. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, पण हटलेलं सोडियम वाहून जायला निचरा लागतो, म्हणून आधी चर आणि मग जिप्सम. ताग घेऊन गाडला. गव्हाखालचं क्षेत्र निम्म्यावर आणलं. कुंद्याच्या गड्ड्या वेचायला मजूर लावले, आणि आप्पा बांधावर बसून ते बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. पावसाच्या पाण्यातला ग्लास अजून पुरता नितळ होत नाही. तो होईपर्यंत त्या रानात नांगर सोडायचा विषय नाही, आणि झाला तरी आधी वाफे आणि मग बाकीचं.

हे वाचून कुणी आपल्या रानाचा विचार करत असेल तर एवढंच सांगेन की निर्णय अख्ख्या शेताचा घेऊ नका, तुकड्याचा घ्या. सुरुवात सगळ्यात चांगल्या वाटणाऱ्या रानापासूनच केली पाहिजे असं नाही, निचरा होणाऱ्या रानापासून करा. खड्डा उन्हाळ्यात काढू नका, तेव्हा सगळीच माती घट्ट लागते. पेरणी होऊन महिना-सव्वा महिना झाला आणि रान वाफशावर आलं की उभ्या पिकात काढा. ग्लासात पावसाचं पाणी घ्या. आणि पत्रिकेवरचा सामू वाचा.